नस म्हणजे नेमकी कोणती?

मगरिबच्या नमाजात उजवीकडे सलाम फेरला आणि मानेतून निघालेली कळ थेट उजव्या हाताच्या मधल्या बोटापर्यंत गेली. वीज गेल्यासारखी. डावीकडे मान वळवली तेव्हा काहीच नाही. दुसऱ्या दिवशी फजरलाही तेच. दहावीच्या सराव परीक्षेचे पेपर तपासायचे दिवस होते. मांडी घालून, मान खाली घालून रोज तीन-चार तास बसणं चाललेलं. अवघडली असेल म्हणून सोडून दिलं.

अम्मी म्हणाल्या, "रग चढ गई." शाळेतले शिपाईमामा म्हणाले, "सर, नस दबलीया." मी दोन्ही भाषा शिकवतो आणि दोन्ही भाषांनी मला सारखंच चकवलं. इंजेक्शन देताना सिस्टरला सापडत नाही ती नस. मानेत दबते तीही नस. पहिलीतून रक्त वाहतं. दुसरी मेंदूचा निरोप बोटांपर्यंत नेते आणि बोटांची खबर वर आणते. या दुसरीला उर्दूत असब आहे, मराठीत मज्जातंतू आहे, पण हे शब्द पुस्तकातच राहिले. घरात नस एकच. ती चढते, आखडते आणि चोळून उतरवायची असते.

म्हणून दोन आठवडे मी हात चोळून घेतला. दुखणं हातात, तेल हातात. मूळ मात्र मानेत होतं.

हात उजवा होता म्हणून मी निर्धास्तही होतो. अब्बांचा डावा होता. अब्बा शिलाईचं काम करायचे. एका संध्याकाळी डावा हात भरून आला म्हणाले. दिवसभर मशीनवर बसल्यामुळे असेल असं आम्हा सगळ्यांना वाटलं आणि तो हात मी स्वतः चोळला, बराच वेळ. पहाटे दवाखान्यात नेलं तेव्हा हृदयाचा झटका असल्याचं कळलं. उशीर झाला होता. पुढे डॉक्टरांकडून समजलं, की हृदयाची कळ उजव्या हातातही उतरू शकते. छातीत दाब, घाम, दम लागणं यांच्यासोबत हात दुखत असेल तर तेलाची बाटली शोधायची नसते, गाडी शोधायची असते.

तिसऱ्या आठवड्यात फळ्यावर गोष्ट बिघडली. उर्दूचा तास असला की मी उजव्या कडेला उभा राहून सुरुवात करतो, मराठीचा असला की डाव्या. त्या दिवशी दोन्हीकडून वरच्या ओळीला हात पोहोचेना. कोपर सरळ व्हायचं आणि परत वाकायचं. मुलांना वाटलं, सर मुद्दाम खाली लिहितायत.

मेहुण्यानं शेजारच्या गावातल्या एकाचं नाव काढलं. तो मानेला एकच झटका देतो आणि माणूस मोकळा होतो म्हणे. गाडीत पेट्रोलही भरून ठेवलं होतं. बायको आडवी आली. म्हणाली, "हातातलं जोर गेलंय आणि तुम्ही मान मोडून घ्यायला निघालात?" तिच्यामुळे आम्ही सोलापूरचा रस्ता धरला.

डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "कोणतं बोट?" मला गंमत वाटली. पण त्यातच अर्धं निदान होतं. मानेत मणके सात, तरी तिथून निघणाऱ्या मज्जातंतूंच्या जोड्या आठ. सहावा दबला तर मुंग्या बहुधा अंगठ्याकडे येतात, सातवा दबला तर मधल्या बोटाकडे, आठवा दबला तर करंगळीकडे. कोपर सरळ करणारा स्नायू मुख्यतः सातव्याच्या भरवशावर असतो. माझा फळा तिथं अडला होता. मग त्यांनी हात डोक्यावर ठेवायला सांगितला. कळ कमी झाली. घरी मी नकळत तसाच बसायचो आणि बायको म्हणायची, "कर्ज बुडाल्यासारखं काय बसलात!"

एमआरआयमध्ये दोन ठिकाणी झीज दिसली. मी घाबरलो. डॉक्टर म्हणाले, चाळिशीनंतर काहीच न दुखणाऱ्या कित्येकांच्या फोटोतही हे दिसतं. फोटो आणि बोट जुळतात का, ते बघायचं. माझ्या बाबतीत सहाव्या आणि सातव्या मणक्यामधली गादी सरकली होती.

बायकोनं तिथंच स्वतःचंही विचारून घेतलं. रात्री अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर होऊन तिला जाग येते, हात झटकला की बरं वाटतं. तिची मान ठीक निघाली. मज्जातंतू मनगटात दबत होता, आणि मधुमेह असलेल्यांत हे जास्त आढळतं. करंगळीच्या मुंग्यांचं मूळ पुष्कळदा कोपरात असतं. नागिणीत तर आधी नुसती आग होते, फोड काही दिवसांनी उठतात. एका हाताचं दुखणं आणि एवढ्या वाटा.

एक ताकीद मात्र त्यांनी आवाज चढवून दिली. दोन्ही हातांनी बटणं लावता येईनाशी झाली, चालताना तोल जाऊ लागला, लघवीवरचा ताबा सुटला, तर खुद्द मज्जारज्जू दबत असू शकतो. एक दिवसही थांबायचं नाही. दुखण्यासोबत ताप असेल, वजन उतरत असेल तर मणक्याचा क्षयरोगही तपासावा लागतो. आणि झटका कुणाकडूनही घ्यायचा नाही.

मला ऑपरेशन लागलं नाही. बहुतेकांना लागत नाही. गोळ्या, शिकवून दिलेले व्यायाम, पेपर तपासायला उंच टेबल आणि काही आठवडे खुर्चीवर नमाज. पहिल्या दिवशी खुर्ची घेऊन मागच्या सफमध्ये बसताना लाज वाटली. शेजारच्या चाचांनी काही न बोलता खुर्ची सरळ करून दिली. कोपरात जोर यायला तीन महिने लागले.

मधलं बोट अजून सकाळी थोडं बधिर असतं. बायको रात्री मनगटाला पट्टी बांधून झोपते. मेहुण्याची मान परवा अवघडली, तर त्या गावाला जाण्याआधी त्यानं मला फोन केला. मीही पहिला प्रश्न तोच विचारला, कोणतं बोट?