भाच्याचा खेळ आणि आमचं जुनं वावर



वखराच्या दोन पाळ्या झाल्या, ठिबकच्या नळ्या अजून पसरायच्या आहेत. दुपारी बारा ते चार वावरात पाय ठेवता येत नाही, इतकं ऊन आहे. म्हणून आज पिकाचं सोडून दुसरंच लिहितो.

आखाजीला धुळ्याहून बहीण आली, सोबत भाचा. तो पुण्यात कंप्युटरचं काम करतो. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, आमच्या खान्देशात आखाजी म्हणजे आमरस-पुरणपोळी, पितरांची घागर, बायांचे झोके आणि गाणी, आणि माणसांचे पत्ते. वर्षभर पत्त्याला हात न लावणारा माणूसही त्या दिवशी पारावर मांडी घालून बसतो. मी म्हटलं, चल रे, एक डाव टाकू. तर म्हणाला, "मामा, मला पत्ते येत नाहीत. मी वेगळा खेळ खेळतो." आणि पिशवीतून वीस बाजूंचा फासा काढून माझ्या हातावर ठेवला.

आमची माय कवड्यांवर चौसर खेळायची. फासे-कवड्या मला नवीन नाहीत. पण हा खेळ निराळाच. पाच-सहा जण टेबलाभोवती बसतात. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात, कोणी चोर, कोणी वैद्य, कोणी लढवय्या. समोर दरी आली. उडी मारायची? मग टाका फासा. आकडा मोठा आला तर पलीकडे, नाहीतर खाली. अमेरिकेत १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन या दोघांचा हा खेळ बाजारात आला. डंजन्स अँड ड्रॅगन्स त्याचं नाव. मी विचारलं, पैसे लावता का? नाही. शेवटी जिंकतं कोण? कोणीच नाही. मग शनिवारी रात्र-रात्र जागता कशाला, हे काही माझ्या डोक्यात शिरलं नाही.

पण त्याच्या सोबत्यांचे नाद ऐकण्यासारखे आहेत. एक मुलगी बोटाच्या पेराएवढ्या बाहुल्या रंगवते, डोळा काढायला चार केसांचा कुंचला लागतो म्हणे. एक जण बँकेत आहे, सुटीत पाखरं बघत फिरतो, त्यामुळे त्याच्या गोष्टीतल्या जंगलात कोणत्या वेळी कोणतं पाखरू बोलेल हे तो बरोबर सांगतो. एक जण तबला शिकतो आणि लढाई आली की टेबलावरच ठेका धरतो. आमच्या भाच्याला नाद नकाशांचा. तेही नसलेल्या मुलखांचे!

त्यानं वही दाखवली. डोंगर, घाट, बंदरं, सगळं हातानं काढलेलं. मला वाटलं होतं मनाला येईल तसं काढत असेल. तसं नाही. म्हणाला, "मामा, नवीन माणूस हमखास नदीत चुकतो. एक नदी फोडून दोन दिशेला दोन समुद्रांत नेऊन सोडतो. पाणी असं जात नाही." हे मला पटलं. पाणी उताराच्या बाहेर जात नाही, हे आम्हाला पाटाचं बारं धरताना रोज दिसतं. टॉल्किन नावाच्या इंग्रज लेखकानं म्हणे आधी नकाशा धरला आणि गोष्ट त्याच्यात बसवली. पुस्तकात छापलेला मोठा नकाशा त्याच्या मुलानं काढला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो चौकटीचा कागद घेऊन ओट्यावर बसला. त्याला पुढच्या शनिवारसाठी एक गाव पाहिजे होतं. "तुमचं जुनं वावर सांगा ना मामा, वाटे पडायच्या आधीचं." त्यांच्या खेळात एक चौकट पाच फुटांची. मी म्हटलं, त्यानं कागद पुरायचा नाही, एक चौकट एक गुंठ्याची धर. तेहतीस फूट बाय तेहतीस फूट. चाळीस चौकटी म्हणजे एकर. आमचं जुनं वावर आठ एकर, तीनशेवीस चौकटी.

मी सांगत गेलो, तो काढत गेला. बरडी, निंबाचं वावर, मळई. ही नावं सातबारावर नाहीत, तिथं नुसता गट नंबर. आता तर पोरंही "मोटारीजवळचं", "डीपीजवळचं" असंच म्हणतात. मग विहीर आली. मोटेची धाव, थारोळं. त्यानं विचारलं, "विहिरीत काय राहतं?" म्हटलं, साती आसरा. माय काठावरच्या सात दगडांना शेंदूर लावायची, हिरव्या बांगड्या ठेवायची. त्याचे डोळेच चमकले. "दगड कोणत्या बाजूला होते?"

मला आठवेना. थारोळ्याकडे की चिंचेकडे? आणि चिंच तरी नेमकी कुठे? ज्या वावरात जन्म गेला तिथलं हे सांगता येईना, याची लाज वाटली. बघायला जावं तर विहीर सहा वर्षांपूर्वी बुजली. ती जागा नानाच्या, म्हणजे मोठ्या भावाच्या हिश्श्यात गेली. वाटे पडले तेव्हा दीड गुंठ्यावरून बोलणं बंद झालं, ते बंदच. मोजणीचा अर्ज अजून पडून आहे. आबांची घागरही यंदा दोन घरी दोन भरल्या.

मी काही गेलो नाही. भाचा गेला कागद घेऊन. त्याला दोन्ही मामा सारखेच.

दिवे लागल्यावर परत आला तर मागे नाना. चष्मा लावून, हातात पेन्सिल. आत आला नाही, ओट्याच्या कडेला टेकला. माझ्याकडे न बघता कागदावर बोट ठेवून म्हणाला, "चिंच आठे नही, तठे व्हती. आणि खळं इतलं धाकलं?" मी म्हटलं, खळं एवढंच होतं. "तुले याद नही. तू धाकला व्हता." झालं, सुरू झालं. दगड थारोळ्याकडे होते हे नानानं सांगितलं. पाणंद कुठून वळायची, हे मात्र माझंच खरं निघालं. बायकोनं दोनदा चहा केला. भाच्यानं मधेच विचारलं, "आणि बांध कुठून काढू?"

दोघंही गप्प झालो. मग नाना म्हणाला, "त्या टाइमले बांध नव्हता." आणि उठून गेला.

काल रविवारी भाच्याचा फोन आला. त्याच्या मंडळींचा मुक्काम शनिवारी रात्री विहिरीवर पडला. लढवय्या तलवार काढून उभा होता, पण बाहुल्या रंगवणारी ती मुलगी खेळात चोर आहे, तिनं स्वतःच्या हातातल्या बांगड्या काढून सात दगडांपुढं ठेवल्या. फासा टाकायची वेळच आली नाही. आसरांनी त्यांना वाट दिली.

मला हसू आलं. मोजणीची तारीख काही लागलेली नाही, आणि दीड गुंठा मीही सोडलेला नाही. तरी आज सकाळी बांधापर्यंत गेलो. नाना पलीकडे नळ्या उलगडत होता. त्याला बांगड्यांचं सांगितलं. नळी हातात धरून त्यानं पूर्ण ऐकलं, आणि विचारलं, "हिरव्या व्हत्या का?"

ते मी विचारलंच नव्हतं. संध्याकाळी पोराला फोन करतो.