कापू नका, राहू द्या

नखाभोवतीची कातडी कापून काढली की बोटं नीटनेटकी दिसतात, हे मला वर्षानुवर्षं पटलेलं होतं. मॅनिक्युअर करणारी मुलगी बोटं कोमट पाण्यात भिजवायची, नखाच्या मुळाशी चिकटलेली पातळ कड उचलून कट्‌कन कापायची आणि मी खूश व्हायची. निघतंय तो मळच, अशी माझी समजूत. आता मी ती कड कापू देत नाही. एवढंच नाही, नखांची निगा म्हणजे नखाला सतत काहीतरी करत राहणं, हेच मला पटेनासं झालंय.

डोळ्यांना दिसतं ते नख म्हणजे मेलेल्या पेशींमधल्या केराटिनचे घट्ट बसलेले थर. म्हणून तर कापताना दुखत नाही. जिवंत भाग मुळाशी, कातडीच्या घडीखाली असतो. त्याला मॅट्रिक्स म्हणतात. अंगठ्यावरची पांढरट चंद्रकोर हा त्याचाच बाहेर दिसणारा तुकडा. घडी आणि नख यांच्यातली फट क्युटिकल, म्हणजे तीच पातळ कड, बुजवतं, खिडकीच्या काचेभोवती सुतार लांबी भरतो तसं. ते कापलं की पाणी, जंतू, बुरशी यांना आत वाट मोकळी. धुण्याभांड्यांत सतत हात असलेल्या बायकांना नखुरडं पुन्हा पुन्हा होतं, तेही बरंचसं ही फट उघडी पडल्यानेच. (बोट लिंबात खुपसून बसायचा घरगुती उपाय सगळ्यांना ठाऊक, हातमोजे घालायला मात्र कोणी सांगत नाही.)

नखाची चाल बघायची तर मेंदीसारखं साधन नाही. नागपंचमीला लावलेली मेंदी तळहातावरून पंधरवड्यात उडते, कारण तिथली कातडी झडते. नखावरची मात्र जागची हलत नाही. नखच तिला घेऊन पुढे सरकतं. महिन्याभरात मुळाशी साधारण तीन मिलिमीटरची कोरी पट्टी दिसते आणि दिवाळीला लाल रंग उरतो तो टोकाशी. विल्यम बीन या अमेरिकन डॉक्टरांनी अंगठ्याच्या नखावर दर महिन्याला खूण करून ही चाल पस्तीस वर्षं मोजली आणि 1980 मध्ये निष्कर्ष छापले. बत्तिसाव्या वर्षी त्यांचं नख दिवसाला 0.123 मिलिमीटर वाढत होतं, सदुसष्टाव्या वर्षी 0.095.

म्हणजे आज मुळाशी झालेली इजा टोकाला पोचून कापली जायला पाच-सहा महिने लागणार. नखावर पांढरे ठिपके दिसले की आपल्याकडे लगेच कॅल्शियमच्या गोळ्या निघतात. बहुतेकदा तो कधीतरी मुळाशी बसलेला बारीकसा मार असतो, आपण विसरून गेलेला.

आता माझी निगा अगदी आळशी आहे. आंघोळीनंतर मऊ झालेली कड टॉवेलने हलकेच मागे सारायची, रात्री खोबरेल तेलाचा थेंब चोळायचा, भांडी घासताना हातमोजे. जेल पॉलिश नखांनी ओरबाडून काढायचं नाही, त्याबरोबर नखाचे वरचे थरही सोलून निघतात.

लाल नेलपेंट मात्र मी सोडलेलं नाही. ‘नखांना श्वास घेऊ दे’ असं बहीण बजावते. नख श्वास घेत नाही. मुळाला लागतं ते सगळं खालच्या रक्तातून मिळतं. रिमूव्हरने नख कोरडं पडतं म्हणाली असती तर ऐकलं असतं.