नळीचा रंग

आमच्या धारवाडात दोन हवा नांदतात. पूर्वेस नवलगुंद-नरगुंदाकडे उतरले की काळी माती आणि कोरडा वारा. पश्चिमेस हल्याळ-दांडेलीकडे वळले की मलनाडची ओल सुरू होते. या दोन टोकांवर लोखंडाचे आयुष्य सारखे नसते. नवलगुंदच्या घरात वर्षभर खुंटीला टांगलेली विळी जशीच्या तशी राहते. तीच शिरसीच्या माडीवर आषाढात चार दिवस विसरा, पाते तांबडे होते.

माझा एक भाचा शिरसीकडे सुपारीचा बाग राखतो. घरात आजोबांच्या वेळची एक रायफल आहे, परवाना रीतसर त्याच्या नावावर चढलेला. एका निवडणुकीच्या काळात ती ठाण्यात जमा करावी लागली, आणि पावसाळा लागल्यावर परत मिळाली तेव्हा नळीवर गंजाचे ठिपके उठले होते. तो मजकडे आला तो प्रश्न घेऊनच : "मामा, ही निळी नळी काढून स्टेनलेसची बसवली तर?"

प्रश्न वरवर लोहाराचा आहे; परंतु त्याच्या पोटात वकिलीही आहे. आधी लोहारकीचे पाहू.

निळी नळी म्हणजे रंग दिलेली नळी नव्हे. दाहक क्षार आणि नायट्रेट यांच्या उकळत्या द्रावणात पोलाद बुडविले म्हणजे त्याच्या पृष्ठावर लोहाच्या काळ्या ऑक्साइडचा अत्यंत पातळ थर धरतो. गंजाला गंजानेच अडविण्याची ही युक्ती! तथापि हा थर स्वतः फारसे संरक्षण करीत नाही. तो तेल धरून ठेवतो, आणि खरे राखण तेल करते. तेल आटले की थर उघडा पडला. स्टेनलेसची गोष्ट वेगळी. त्यात निदान साडेदहा टक्के क्रोमियम असते, आणि हवेच्या स्पर्शाने त्याचे कवच आपोआप धरते. ओरखडा उठला तरी पुन्हा धरते. मात्र मीठ आणि घाम त्यालाही कालांतराने टोचतात. 'स्टेनलेस' हे नाव म्हणजे विक्रेत्याची अतिशयोक्ती आहे, हे आमच्या घरोघरच्या स्वयंपाकघरातील भांड्यांनी केव्हाच सिद्ध केले आहे. शिवाय ते उन्हात चकाकते. जुने शिकारी याच एका दोषासाठी त्याला नाके मुरडीत.

शिकारीचा हिशेब मात्र आता उरलाच नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो मिटविला. रानडुकराने बाग उकरला तरी अधिकाऱ्याच्या लेखी आज्ञेवाचून गोळी घालता येत नाही. म्हणजे भाच्याची रायफल वर्षातून तीनशे साठ दिवस नुसती असते. जी वस्तू वापरण्यापेक्षा राखण्यातच अधिक काळ जातो, तिला स्टेनलेस बरे, असा त्याचा युक्तिवाद. तो चुकीचा नाही. नवीच रायफल घ्यावयाची असती तर शिरसीसाठी मीही स्टेनलेसच सांगितली असती.

पण ही नवी नव्हे. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या व्याख्येत शस्त्रांचे भागही शस्त्रेच ठरतात. सुटी नळी म्हणजे नळाचा तुकडा नव्हे. ती परवानाधारक विक्रेत्याकडूनच यावी लागते, आणि तिच्या क्रमांकाची नोंद परवान्याशी जुळावी लागते. ते कटकटीचे असले तरी होण्याजोगे आहे. खरा धोका दुसऱ्या मार्गात, म्हणजे त्याच नळीला घासून पुन्हा निळी करण्यात आहे. गंज काढताना उतावळा कारागीर पॉलिशाच्या चाकाखाली नळीवरील कोरीव क्रमांकही पुसट करून टाकतो. कलम ८ प्रमाणे क्रमांक खोडणे हा अपराध. आणि खोडलेल्या क्रमांकाचे शस्त्र ज्याच्या ताब्यात सापडेल त्यानेच तो खोडला असे गृहीत धरले जाते. उलट सिद्ध करण्याचा भार त्याच्या शिरावर. हौसेने चकचकीत करून आणलेल्या बंदुकीपायी सज्जन गृहस्थाला साक्षीपुराव्याच्या फेऱ्यात सापडावे लागते.

शस्त्राच्या कागदाचा हा धाक या मुलखाला नवा नव्हे. १८५७ च्या नोव्हेंबरात मुधोळ संस्थानातील हलगलीच्या बेरडांनी निःशस्त्रीकरणाच्या कायद्याविरुद्धच शस्त्र उचलले होते. त्यांना क्रमांक नको होता. आम्हांला तो जिवापाड जपावा लागतो.

शेवटी ठरले ते असे. नळी तीच ठेवायची. ठिपके तेल आणि अगदी बारीक पोलादी लोकरीने हलक्या हाताने उतरवायचे, क्रमांकाच्या जागेला हातही न लावता. आणि खंडेनवमीला जे होते ते बंद करायचे. पूजेत रायफलीवर ओले कुंकू, त्यावर झेंडूची माळ, रात्रभर तशीच. सकाळी माळ काढली की नळीवर फुलांचा ठसा! आजोबांच्या नळीवरचे निम्मे डाग भक्तीचे आहेत. माझ्या बहिणीला हे रुचले नाही. कुंकवाशिवाय आयुधपूजा कसली, असे तिचे म्हणणे. अखेर कुंकू लाकडी दस्त्याला लावावे, आणि माळ रायफलीच्या शेजारी पाटावर ठेवावी, यावर तडजोड झाली. दुसऱ्या दिवशी नळी पुसून तेल देण्याचे काम भाच्याने आपणाकडे घेतले आहे.