मुलुंडचा फोर्स्कोलिन

रंगानं पांढरा, स्फटिकी. पाण्याशी त्याचं जमत नाही, अल्कोहोलमध्ये मात्र विरघळतो. घाटकोपरच्या गुजराती घरांत जिचं लोणचं घालतात, त्या गरमरच्या जाड मुळांत त्याचं घर. मुलुंडच्या होक्स्ट संशोधन केंद्रात देशी वनस्पतींची छाननी चालली होती. या मुळांच्या अर्कानं प्राण्यांचा रक्तदाब उतरतो, हे दिसल्यावर सुजाता भट, एन. जे. डिसोझा आणि सहकाऱ्यांनी त्यातला फोर्स्कोलिन वेगळा काढला. 1977 साली त्याची रचना प्रसिद्ध झाली. त्याच सुमारास लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेलाही तो सापडला होता, कोलिओनॉल या नावानं.

त्याचा स्वभाव कळायला 1981 उजाडलं. अमेरिकेत सीमन, पॅजेट आणि डेली यांनी तो उलगडला. ॲड्रेनलिनसारखे संदेशवाहक पेशीच्या दारावरच्या ग्राहीला भेटतात, मग आत निरोप जातो. फोर्स्कोलिन म्हणजे वॉचमनच्या वहीत सही न करता थेट वर जाणारा घरचा माणूस. तो ॲडेनिलिल सायक्लेज या विकराला स्वतःच कामाला लावतो. पेशीत सायक्लिक एएमपी हा निरोप पोचवणारा रेणू वाढतो, कॅल्शियम घटतं आणि रोहिणीच्या भिंतीतला आवळलेला स्नायू सैल पडतो. नळी रुंदावते. ही रुंदी थोडी वाटली तरी फरक मोठा पडतो: व्यास दहा टक्के वाढला आणि दाब तोच राहिला, तर प्रवाह जवळपास दीडपट होतो. बारीक रोहिण्या अशा सैलावल्या की रक्ताला होणारा विरोध कमी होतो, दाब उतरतो.

पण हे विकर अंगभर आहे. म्हणून हा हृदयाचे ठोके जोरकस करतो, जठरातलं आम्लही वाढवू शकतो. कुठं थांबायचं हे त्याला उमगत नाही, आणि माझ्या मते म्हणूनच तो रोजची बीपीची गोळी होऊ शकला नाही. जपाननं मात्र त्याला पाण्यात विरघळेल असं रूप दिलं आणि 1999 मध्ये हृदय अचानक निकामी होऊ लागलेल्या रुग्णांसाठी मान्यता दिली. जगभरच्या प्रयोगशाळांत सायक्लिक एएमपी वाढवायचं म्हटलं की आजही त्याचीच बाटली काढतात. मुलुंडकरांना हे ठाऊक असायला हवं, असं मला फार वाटतं.

हल्ली वजन उतरवायच्या कॅप्सूलवर त्याचं नाव दिसतं. त्या दाव्याला भक्कम पुरावा नाही. बीपीची किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती कॅप्सूल घेऊ नये.