लांबडं

त्या आठवड्यात आमच्याकडे थ्री फेज लाईट रात्री बारानंतर यायची. अण्णा उसाला पाणी द्यायला गेले आणि बांधावरचा दगड हलवताना त्यांच्या पायाला काहीतरी डसलं. मी सुट्टीवर घरीच होतो. चुलतभावाने आणि मी त्यांना गाडीत बसवलं तेव्हा आजीने दारातून विचारलं, "लांबडं होतं का रे?"

आंबेगाव तालुक्यातल्या आमच्या गावात म्हातारी माणसं रात्री 'साप' म्हणत नाहीत. लांबडं म्हणतात, किडूक, जनावर म्हणतात. डसलं म्हणायचं नाही, पान लागलं म्हणायचं. नाव घेतलं की तो येतो. इंजिनिअरिंगला गेल्यापासून मला याचं हसू यायचं. आमच्या धंद्यात नाव चुकलं की प्रोग्रॅम बंद पडतो, इथे नाव घेतलं की संकट.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कोणता साप? अण्णांना नीट दिसला नव्हता. "खसखस आवाज आला," एवढंच ते सांगू शकले. मग त्यांचं थोडं रक्त काचेच्या नळीत घेऊन, न हलवता २० मिनिटं ठेवलं. गोठलं तर ठीक.

त्या २० मिनिटांत मी मोबाईलवर खसखस आवाज करणारा साप शोधला. फुरसं. वेटोळ्यावर वेटोळं घासून, खवल्यांनी आवाज करतं. शास्त्रीय नाव एकिस कॅरिनेटस. पहिला शब्द ग्रीक 'एखिस', म्हणजे विषारी साप.

नळी तिरकी केली. रक्त पाण्यासारखं वाहिलं.

लस सुरू झाली. ती नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारही सापांवर एकच असते. तिला नाव लागत नाही. अण्णा आठवडाभराने घरी आले.

तो शब्द मात्र डोक्यातून गेला नाही. सापाला ग्रीकमध्ये आणखी एक शब्द आहे, 'ओफिस'. तो आपल्या 'अहि'चा सख्खा भाऊ. शाळेत द्वंद्व समासात घोकलेला 'अहिनकुल', त्यातला अहि. ऋग्वेदात इंद्र ज्याला मारतो तो वृत्रही अहिच. इराणात त्याचा 'अझि' झाला आणि 'अजदहा' होऊन हिंदीत परत आला. ओफिस आणि अहि ध्वनिनियमांत नीट बसतात. एखिस तसा बसत नाही, स्वर वेगळा, व्यंजनही वेगळं. काही भाषाशास्त्रज्ञांचा तर्क असा, की भीतीपोटी लोकांनीच सापाचं नाव मुद्दाम वाकडं उच्चारलं असावं.

हे वाचलं आणि आजीला हसणं बंद झालं.

जुन्नरच्या लेण्यांत यवनांचे दानलेख आहेत, सुमारे २००० वर्षांपूर्वीचे. इरिल नावाच्या यवनाने पाण्याची दोन टाकी दिली, चिटाने भोजनमंडप. यवन हा शब्द मुळात आयोनियाच्या ग्रीकांचा, पुढे इतर परक्यांनाही लागला. त्यामुळे हे दोघे ग्रीक बोलत असतील असं मी छातीठोक म्हणणार नाही. पण त्याच कातळात, त्याच कपारींत फुरसं तेव्हाही असणार. टाक्यावर पाणी भरताना अंधारात कोणी काय म्हणून ओरडलं असेल, हा विचार माझ्या मनात येतोच.

अण्णा आले त्या सकाळी आजी ओट्यावर लसूण सोलत होती. मी जवळ बसलो तशी म्हणाली, "आता दिवस हाय. सांग, काय व्हतं?"

"फुरसं असावं."

"मंग तसं सांगावं की," ती म्हणाली, आणि बांधावरचे दगड काढायला कोण जाणार ते विचारू लागली.