दोन नावांचा क्रम

गर्भशास्त्राच्या पुस्तकांत ‘स्पेमान-मांगोल्ड संघटक’ असे एक जोडनाव आढळते. त्यातील दुसरे नाव एका स्त्रीचे आहे, हे आमच्या पुष्कळ वाचकांस ठाऊक नसेल.

हिल्डे मांगोल्ड यांचा जन्म 1898 साली जर्मनीतील गोथा येथे झाला. फ्रायबुर्ग येथे प्राध्यापक हान्स स्पेमान यांच्या हाताखाली त्या डॉक्टरेटचे काम करीत. प्रश्न गुरूंचा होता: गर्भाच्या एकसारख्या दिसणाऱ्या पेशींतून पाठ कोठे व पोट कोठे, हे ठरते कसे? साधने म्हणजे भिंग, काचेच्या सुया आणि तान्ह्या मुलाच्या केसाचा फास. आणि न्यूट नावाच्या, बेडकाच्या गोत्रातील शेपटीवाल्या प्राण्याचा भ्रूण तो केवढा, तर मोहरीच्या दाण्याएवढा! फिकट जातीच्या भ्रूणात जेथून पेशी आत वळू लागतात, त्या फटीच्या वरच्या ओठाचा कण काढून हिल्डेबाईंनी तो गडद जातीच्या भ्रूणाच्या पोटाकडे बसविला. तेथे पोटाची त्वचा व्हावयाची. त्याऐवजी मज्जानलिकेसह दुसऱ्या देहाची घडण सुरू झाली. रंगभेदामुळे पाहुणा कोण व यजमान कोण हे ओळखता येई. नवल हे की, नव्या मज्जानलिकेतील बहुतेक पेशी यजमानाच्याच निघाल्या. पाहुण्याने घर बांधले नव्हते. घरच्या माणसांसच कामाला लावले होते.

त्या काळी प्रतिजैविके नव्हती. 1921 व 1922 च्या हंगामांत शेकडो भ्रूणांवर शस्त्रक्रिया झाल्या, बहुतेक दगावले. निबंधात वर्णिलेले हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच.

हा निबंध 1924 साली प्रसिद्ध झाला. स्पेमान यांनी आपले नाव त्यावर घातले, तेही आधी. इतर शिष्यांचे प्रबंध मात्र त्यांच्या एकट्यांच्या नावे निघाले. बाईंस हे रुचले नाही, असे त्यांचे सहाध्यायी व्हिक्टर हॅम्बर्गर यांनी लिहून ठेवले आहे. आमच्या मते प्रश्न गुरूंचा म्हणून नाव असणे वाजवी. ते पहिले असणे मात्र वाजवी नव्हे, कारण सुई धरणारा हात बाईंचा होता.

त्याच वर्षी सप्टेंबरात स्वयंपाकघरातील शेगडीचा भडका उडून त्या भाजल्या व वारल्या. आपल्याकडील किती घरांनी हे वाक्य ऐकले असेल! वयाची 26 वर्षेही पुरी झाली नव्हती. मागे लहान मूल होते. 1935 चे नोबेल पारितोषिक स्पेमान यांस एकट्यास मिळाले, ते या संघटकाच्या शोधाबद्दलच.