चकतीवरचा राखाडी रंग

वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय हवाई आणि अवकाश संग्रहालयात 'स्टार ट्रेक' मालिकेतल्या एंटरप्राइझ यानाच्या प्रतिकृतीसमोर गेलो, तेव्हा आधी तिची डावी बाजू बघून घेतली. दिव्यांच्या वायरी त्या बाजूने आत गेलेल्या. कॅमेरा असायचा उजवीकडे, म्हणून डावीकडचं काम पुरतं केलेलंच नाही. माझा धंदा जुन्या रंगवलेल्या लाकडाच्या डागडुजीचा: पाळणे, देव्हारे, चौकटी. घडवणाऱ्याने वस्तू जिथे अर्धवट सोडली, तिथे त्याचा हात नेमका कळतो.

ऐंशीच्या दशकात ही मालिका दूरदर्शनवर रविवारी सकाळी लागे, आणि अख्खी आळी शेजारच्या काकांकडे जमे. "अरे, हे यान कुणा कारागिराने हाताने केलंय," काका एकदा म्हणाले. माझं लक्ष गोष्टीवरून लाकडाकडे वळलं ते तेव्हा. खरंच, 1964 साली रिचर्ड डेटिन आणि सहकाऱ्यांनी पॉप्लरचं लाकूड, प्लास्टिक आणि पत्रा वापरून ते बांधलं. लांबी अकरा फूट, वजन नव्वद किलोच्या आसपास.

चित्रीकरणापुरतं टिकलं तरी पुरे, अशा बेताची ती वस्तू. 1974मध्ये पॅरामाउंटने ती संग्रहालयाला दिली. पुढे रंगाला तडे गेले, दुरुस्त्या झाल्या, नवे रंग चढले. यानाच्या गोल चकतीची वरची बाजू मात्र वाचली. तिथला राखाडी रंग मूळचा आहे, पेन्सिलीने आखलेल्या बारीक रेषांसकट. 2014 ते 2016 दरम्यान मोठं काम निघालं. एक्स-रे काढून आतला सांगाडा तपासला, अतिनील प्रकाशात रंगाचे थर पाहिले, यान 1967च्या ऑगस्टमधल्या रूपात आणलं. एवढं करूनही चकतीवरचा तो जुना रंग संग्रहालयाच्या माणसांनी राखला. सगळं एकसारखं रंगवणं किती सोपं होतं, हे मला रोजच्या कामामुळे ठाऊक आहे. गिऱ्हाईक "नव्यासारखं करून द्या" म्हणतं, तेव्हा मी त्या चकतीचा फोटो दाखवतो. त्या माणसांचे माझ्यावर फार उपकार आहेत.

आणि चाहत्यांचेही. त्या कामासाठी संग्रहालयाने यानाचे 1976पूर्वीचे फोटो मागवले, तेव्हा लोकांनी घरात जपलेले फोटो काढून दिले. तेव्हापासून माझ्याकडे आलेल्या प्रत्येक वस्तूचे, हात लावण्याआधी, सगळ्या बाजूंनी फोटो निघतात. एक संच माझ्याकडे राहतो, एक मालकाच्या घरी जातो.